खांद्याजवळचं हाड मोडलं: प्लेट, उलटा सांधा की नुसती झोळी?

मागच्या उन्हाळ्यात कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवरून उतरताना माझ्या ७१ वर्षांच्या आत्याची शेवटची पायरी चुकली. ताट तिनं सोडलं नाही, त्यामुळे हात टेकायला मिळाला नाही आणि ती थेट डाव्या खांद्यावर आपटली. एक्स-रेत दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोडून कलंडलेलं दिसलं. पहिले डॉक्टर म्हणाले, "या आठवड्यात प्लेट टाकून घेऊ, उशीर नको." दुसऱ्यांनी तोच एक्स-रे उजेडाकडे धरला, आत्याला बोटं हलवायला लावली आणि म्हणाले, "झोळीत ठेवा. दोन आठवड्यांनी या, मग हळूहळू व्यायाम सुरू करू." संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्लेटवाले आणि झोळीवाले असे दोन पक्ष पडले होते. आत्याला काय वाटतं, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मला आधी वाटलं, दोघांपैकी एक डॉक्टर चुकतोय. बरंच वाचल्यावर आणि ओळखीतल्या डॉक्टरांना विचारल्यावर लक्षात आलं की या एका हाडावरून जगभरचे सर्जन गेली कित्येक वर्षं वाद घालतायत. तो वाद नेमका कशाचा आहे, हे ज्याच्या घरात असा एक्स-रे येतो त्याला तरी कळायला हवं.

## लिंबू आणि चमचा

शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. चमचा उथळ, त्यावर लिंबू डळमळतंय. खांद्याचा सांधा साधारण असाच आहे. फऱ्याच्या हाडाला एक उथळ खळगी असते आणि तिला दंडाच्या हाडाचा गोळा टेकलेला असतो. खुब्याचा सांधा बघा, तिथे गोळा खोल वाटीत लाडू बसावा तसा बसलेला असतो. म्हणून खुबा सहसा निखळत नाही, पण खुब्यातून पाय काही गरागरा फिरवता येत नाही. खांद्यानं ती पक्की बैठक सोडून दिली आणि बदल्यात हात डोक्यावर, पाठीमागे, बाजूला, कुठेही न्यायची मोकळीक घेतली.

मग लिंबू पडत का नाही? कारण चार लहान स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून चमच्यावर दाबून धरतात. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांच्यावरून डेल्टॉइड नावाचा जाड, गोलाकार स्नायू जातो. खांद्याला जो भरीव आकार दिसतो तो त्याचा. कफनं गोळा जागेवर धरायचा आणि डेल्टॉइडनं हात उचलायचा, अशी कामाची वाटणी आहे. हे पुढे लागणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

गोळ्याच्या खाली हाडाला दोन उंचवटे असतात, बाहेरच्या बाजूला मोठा आणि पुढच्या बाजूला लहान. कफच्या दोऱ्या या उंचवट्यांना बांधलेल्या असतात. त्याच्या खाली हाड निमुळतं होऊन नळी सुरू होते, आणि तिथेच ते जास्त करून मोडतं. रिपोर्टवर 'प्रॉक्सिमल ह्युमरस फ्रॅक्चर' लिहिलेलं असेल तर ते या सगळ्या भागाचं मोडणं समजायचं.

मणके बाजूला ठेवले तर म्हातारपणच्या ठिसूळ हाडांच्या फ्रॅक्चरमध्ये खुबा आणि मनगट यांच्यानंतर खांद्याचा नंबर लागतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त होतं, तेही उभ्या उभ्या पडून, घरातल्या घरात. पंचविशीतला मुलगा बाइकवरून उडाला आणि हेच हाड मोडलं, तर नाव तेच असलं तरी ते दुखणं वेगळं समजावं. त्याचं हाड घट्ट असतं, स्क्रू धरतं, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याला त्या हातानं कामं करायची असतात. त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेकडे कल असणं साहजिक आहे. खरा वाद आत्याच्या वयाच्या माणसांबद्दल आहे.

## 'फोर पार्ट' म्हणजे चार तुकडे, पण तसं नाही

बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जननं १९३४ साली दाखवलं की हे टोक कसंही फुटत नाही. लहानपणी जे भाग वेगवेगळे वाढून नंतर एकजीव झालेले असतात, साधारण त्याच जुन्या सांध्यांवर ते फुटतं आणि चार भाग होतात: गोळा, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि नळी. १९७० साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी यावरून वर्गवारी केली. त्यांचा नियम असा की एखादा भाग १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त कलला, तरच तो वेगळा 'पार्ट' मोजायचा.

घोटाळा इथेच होतो. हाडाला चार ठिकाणी चीर गेली, पण सगळे तुकडे जागच्या जागी आहेत, तर नीअर यांच्या हिशेबात ते 'वन पार्ट' फ्रॅक्चर होतं आणि त्याला सहसा झोळी पुरते. घरचे मात्र "चार तुकडे झालेत हो" म्हणून हबकलेले असतात. १ सेंटिमीटर आणि ४५ अंश हेही काही निसर्गानं आखून दिलेले आकडे नाहीत, कामापुरत्या ओढलेल्या ढोबळ रेषा आहेत. १९९३ साली दोन अभ्यासांत तज्ज्ञांना तेच एक्स-रे पाहून वर्ग ठरवायला सांगितलं, तेव्हा त्यांचं एकमेकांशी फारसं जमलं नाही. आमच्या दोन डॉक्टरांचं जमलं नाही, त्यात मग नवल ते काय!

तुकडे सरकतात कसे? रस्सीखेच. मोठ्या उंचवट्याला कफचे तीन स्नायू वर आणि मागे ओढतात, लहान उंचवट्याला चौथा आतल्या बाजूला खेचतो आणि नळीला छातीचा मोठा स्नायू पुढे-आत ओढून नेतो. गोळा मधे अनाथासारखा राहतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या याच तुकड्यांच्या कडेनं वर चढलेल्या असतात, त्यामुळे तुकडे फार फाकले की रक्त तुटतं आणि काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी गोळा सुकून ढासळू शकतो. म्हणून अनुभवी सर्जन एक्स-रेत तुकडे मोजायच्या आधी गोळ्याची आतली कड बघतो. ती कड दाराच्या बिजागरीसारखी असते. बिजागरी शाबूत असेल तर गोळ्याला आधारही असतो आणि रक्त पोचत असण्याची शक्यताही बरीच असते. चित्र स्पष्ट नसेल तर सीटी स्कॅन काढतात. तो खर्च मला तरी वायफळ वाटत नाही.

## "सरकलेलं हाड जागेवर बसवायला नको का?"

हा प्रश्न इतका सरळ आहे की त्याचं उत्तर उघडच असेल असं वाटतं. इंग्लंडमध्ये काही मंडळींनी ते उघड मानलं नाही. मिडल्सब्रोचे सर्जन अमर रंगन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधल्या ३२ सरकारी रुग्णालयांत 'प्रॉफर' नावाची चाचणी झाली. गोळ्याखालच्या निमुळत्या भागात मोडून सरकलेल्या हाडाचे २५० रुग्ण घेतले, सरासरी वय ६६, चारात तीन बायका. निम्म्यांची शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना झोळी, आणि कुणाला काय हे सर्जननं न ठरवता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मग दोन वर्षं रुग्णांनाच विचारत राहिले: केस विंचरता येतात का, रात्री दुखतं का, पिशवी उचलता येते का, कपडे घालता येतात का.

निकाल २०१५ साली आला. ४८ पैकी गुण द्यायचे होते. शस्त्रक्रियावाल्यांची दोन वर्षांची सरासरी ३९.०७ आणि झोळीवाल्यांची ३८.३२. म्हणजे रोजच्या जगण्यात जाणवेल असा फरक नाही. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तरी चित्र तेच. २०२२ साली अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा अद्ययावत आढावा आला. त्याचाही सूर हाच होता की बहुतेक सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये शस्त्रक्रियेनं वर्षा-दोन वर्षांनी हात जास्त चांगला होतो असं दिसत नाही, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ मात्र जास्त येऊ शकते.

हे कसं शक्य आहे? कारण लिंबू-चमचा. खांदा सगळ्या दिशांना इतका फिरतो की गोळा थोडा तिरका जुळला तरी उरलेली हालचाल बरंचसं भरून काढते. एक्स-रे वाकडा दिसतो आणि हात तरीही अंबाड्यापर्यंत पोचतो. उलट, एक्स-रे आरशासारखा सुंदर आणि खांदा जाम, असंही होतं. कॉडमनचा आग्रह हाच होता की शस्त्रक्रिया कशी झाली यापेक्षा वर्षानंतर रुग्णाचं काय झालं ते लिहून ठेवा. स्वतःच्या चुकाही त्यानं छापल्या. सर्जनची पात्रता अशी निकालावरून जोखावी, ही त्याची योजना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं स्वीकारली नाही, तेव्हा १९१४ साली त्यानं तिथला राजीनामा दिला. शंभर वर्षांनी त्याच्याच आवडीच्या सांध्यावर तसा हिशेब मांडला गेला, याची मला गंमत वाटते.

## "हे इंग्लंडचं झालं, आपल्याकडे काय?"

शंका रास्त आहे. हाड जुळण्याची रीत मिडल्सब्रोत आणि मिरजेत सारखीच, पण हाड जुळल्यावरची देखभाल सारखी नाही. तिथल्या झोळीवाल्यांना फिजिओथेरपी मिळाली होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावी फिजिओ असेलच असं नाही, आणि असला तरी एसटीनं आठवड्यातून दोनदा कोण नेणार? व्यायामाशिवायची झोळी हा वेगळाच उपचार आहे आणि त्यातून खांदा जाम होणं ठरलेलं. प्लेट टाकूनही व्यायाम चुकत नाही, तो भाग निराळा. शस्त्रक्रिया केली म्हणजे फिजिओची कटकट संपली, हा गैरसमज मी तीन-चार घरांत तरी ऐकला आहे.

दुसरी शंका सर्जन मंडळी घेतात, तीही ऐकण्यासारखी आहे. ज्यांना शस्त्रक्रिया लागणारच असं डॉक्टरांना स्पष्ट वाटलं, ते रुग्ण प्रॉफरमध्ये आलेच नाहीत. शिवाय त्यात मुख्यतः प्लेट किंवा अर्धा सांधा वापरला गेला, उलटा सांधा नव्हता (हे सांधे म्हणजे काय ते पुढे येतंच). तेव्हा 'शस्त्रक्रिया निरुपयोगी' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो त्या चाचणीवर अन्याय आहे. तिचं म्हणणं एवढंच की शंका असेल तिथे झोळी हा कमी प्रतीचा उपचार नाही.

## मग शस्त्रक्रिया कुणाला लागतेच?

हाड कातडीतून बाहेर आलं असेल, काखेतली मोठी रक्तवाहिनी दुखावली असेल, मोडण्याबरोबर गोळा खळगीतून निखळलेला असेल, किंवा गोळाच मधोमध चिरला असेल, तर घरी बसून मतं मागवत बसू नये. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत तर तासांचा हिशेब असतो. नळी आणि गोळा यांचा एकमेकांशी काहीच स्पर्श उरलेला नसेल, तर ते आपोआप जुळण्याची आशाही कमी. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा दुखत असेल तर गोळा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, आणि साध्या समोरून काढलेल्या एक्स-रेत तो चक्क नजरेतून सुटतो.

मोठ्या उंचवट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो एकटाच तुटून वर सरकला तर हात वर करताना वरच्या हाडाला अडतो, जशी फुगलेली फळी चौकटीत अडकावी. म्हणून इथे १ सेंटिमीटरची वाट न बघता अर्धा सेंटिमीटर सरकला तरी बरेच सर्जन, विशेषतः हातानं कष्टाचं काम करणाऱ्या माणसात, तो बसवायचा विचार करतात.

बाकीच्या फ्रॅक्चरमध्ये, शस्त्रक्रिया करायची ठरली तरी, मध्यरात्री धावपळ लागत नाही. आठवडा-दहा दिवस विचाराला मिळतात. तीन आठवडे उलटले की मात्र तुकडे चुकीच्या जागी चिकटायला लागतात आणि काम अवघड होतं.

## प्लेट: खुंटी आणि चौकट

जुन्या पद्धतीच्या प्लेटमध्ये स्क्रू पिळून प्लेट हाडावर घट्ट दाबायची आणि त्या दाबावर सगळं धरायचं. पोपडे आलेल्या भिंतीत खुंटी ठोकून पाहा. आज धरते, ओला टॉवेल टाकला की उद्या हातात येते. ठिसूळ हाडात तेच व्हायचं, स्क्रू एकेक करून ढिले पडायचे.

२००० नंतरच्या काही वर्षांत लॉकिंग प्लेट रुळली. तिच्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत जाऊन बसतात. म्हणजे स्क्रू आणि प्लेट मिळून वेल्ड केलेल्या लोखंडी चौकटीसारखी एकच वस्तू होते. एकटी खुंटी निघत नाही, निघायची तर सगळी चौकट एकदम. खांद्याच्या आकाराप्रमाणे वळवलेल्या या प्लेटला ऑपरेशन थिएटरात बऱ्याचदा 'फिलॉस' म्हणतात. बिलावर हा शब्द दिसला तर दचकू नका.

शस्त्रक्रिया होते ती पूर्ण भूल देऊन, बरोबर मानेपाशी नस बधिर करून. रुग्णाला आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसवतात, खांद्याच्या पुढून छेद घेतात, कफच्या कंडऱ्यांतून, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांतून, जाड दोरे ओवून उंचवटे जागेवर आणतात, सी-आर्म या हलत्या एक्स-रे यंत्रावर बघत बघत स्क्रू घालतात आणि दोरे प्लेटला बांधतात. मला वाटायचं सगळं बळ स्क्रूमध्ये असतं. एका सर्जनशी बोलताना ते म्हणाले, "म्हातारपणी दोरे जास्त कामाचे." कारण हाड भुसभुशीत झालेलं असलं तरी कंडरा बऱ्यापैकी चिवट राहिलेली असते.

लॉकिंग प्लेटनं एक प्रश्न सोडवला आणि दुसरा आणला. म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्याचं कवच टिकून असतं, आतून तो पोकळ झालेला असतो. स्क्रू तर ढिले होत नाहीत. मग उकडलेला बटाटा काट्यावरून खाली घसरावा तसा गोळा स्क्रूंवरून खाली बसतो आणि स्क्रूची टोकं गोळ्याबाहेर सांध्यात येतात. चपलेच्या तळव्यातून खिळा वर आल्यावर काय होतं ते माहीत आहेच. इथे तो खिळा फऱ्याच्या खळगीवर घासतो. मग दुसरी शस्त्रक्रिया. हे टाळण्यासाठी बिजागरीच्या बाजूनं खालून आधाराचे स्क्रू घालतात, कधी पायातल्या बारीक हाडाचा तुकडा खांबासारखा आत ठेवतात, कधी स्क्रूच्या टोकाशी हाडाचं सिमेंट सोडतात. काही ठिकाणी प्लेटऐवजी वरून रॉड घालतात.

## अर्धा सांधा, आणि मग उलटा

गोळा वाचण्यातला नसेल तर बदलायचा, ही कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या ज्यूल पेआं यांनी १८९३ साली क्षयानं खांदा गेलेल्या एका बेकरीवाल्याला प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे तो सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला, पण तेवढा काळ चालला हेच नवल. पुढे १९५० च्या दशकात, वर ज्यांची वर्गवारी सांगितली त्याच नीअर यांनी धातूचा गोळा बसवायला सुरुवात केली. हा अर्धा सांधा, म्हणजे लिंबू नवं आणि चमचा जुनाच.

अर्ध्या सांध्याची अडचण अशी की धातूच्या गोळ्याला हात वर करून दाखवता येत नाही. त्यासाठी कफ लागतो, आणि कफ ज्या उंचवट्यांना बांधलेला आहे ते तुकडे धातूभोवती जुळावे लागतात. ठिसूळ हाडात ते बऱ्याचदा विरघळून जातात. मग दुखणं कमी होतं, पण हात खांद्याच्या वर जात नाही.

फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली यावर जे केलं ते मला फार आवडतं. कफ कामाचा उरला नाही ना, मग कफ लागणारच नाही असा सांधा करू. त्यांनी लिंबू आणि चमचा यांची जागाच बदलली. गोळा फऱ्याच्या हाडावर घट्ट बसवला आणि वाटी दंडाच्या हाडावर. त्यामुळे हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो आत आणि खाली सरकला आणि डेल्टॉइडला ओढायला लांब दांडा मिळाला. रहाटाच्या लांब दांड्यानं पाणी ओढायला कमी जोर लागतो तसं. आता कफची मूठ नसली तरी एकटा डेल्टॉइड हात वर नेतो. अमेरिकेत या सांध्याला २००३ साली परवानगी मिळाली. आधी तो कफ झिजलेल्या खांद्यांसाठी होता, फ्रॅक्चरकडे नंतर वळला.

नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांवर प्लेट आणि उलटा सांधा यांची तुलना झाली. २०२० साली आलेल्या निकालात दोन वर्षांनी उलट्या सांध्याला १०० पैकी ६८, प्लेटला ५४.६ गुण. हा फरक रोजच्या वापरात जाणवेल इतका आहे. म्हणून सत्तरीतल्या माणसाचा गोळा पार फुटला असेल आणि सर्जन उलट्या सांध्याबद्दल बोलत असतील, तर ते काही फॅड नाही.

## "एवढं चांगलं आहे तर सगळ्यांनाच का नको?"

कारण तुलना कुणाशी करताय ते महत्त्वाचं. प्लेटपेक्षा सरस म्हणजे झोळीपेक्षा सरस असं नाही. स्पेनमध्ये ८० च्या पुढच्या रुग्णांत उलटा सांधा आणि झोळी यांची तुलना झाली, तेव्हा वर्षानंतरचा फायदा किरकोळच निघाला.

शिवाय हा परतीचा रस्ता नसलेला उपाय आहे. हात वर चांगला जातो, पण बाहेर आणि पाठीमागे वळवायला बऱ्याचदा कमी पडतो. ब्लाउजची मागची हुकं लावणं, काष्टा खोचणं, शौचानंतरची स्वच्छता, या गोष्टी शस्त्रक्रियेच्या आधी बोलायच्या असतात, आणि आपण लाजेपोटी बोलत नाही. डेल्टॉइडची नस, जी खांद्याच्या टोकापासून पाच-सात सेंटिमीटर खालून जाते, ती पडताना दुखावली असेल तर सगळा डाव धोक्यात येतो. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवून "इथे समजतंय का?" असं डॉक्टर विचारतात ते याचसाठी. सांधा निखळणं, खांद्याच्या टोकाचं हाड ताणानं मोडणं, जंतुसंसर्ग, हे धोके आहेतच. काखेच्या कातडीवर एक आळशी जंतू कायम राहतो. तो इतका सावकाश वाढतो की त्रास काही महिन्यांनी कळतो आणि प्रयोगशाळेलाही तो उगवून दाखवायला बरेच दिवस लागतात.

झोळीनं नाही जमलं तर नंतर उलटा सांधा बसवता येतो. फसलेली प्लेट काढून तो बसवणं त्याहून कठीण जातं. घाईत प्लेट टाकण्याआधी ही गोष्ट विचारात घ्यावी, असं माझं मत झालंय.

## "प्लास्टर का घालत नाहीत?"

कारण खांद्याला प्लास्टर घालायचं तर छातीसकट घालावं लागेल. शिवाय लोंबत्या हाताचं वजनच तुकड्यांना हळूच खाली ओढून सरळ करायला मदत करतं. म्हणून उभं असताना कोपर उशीवर टेकवून खांदा वर ढकलू नये.

पहिले दहा-बारा दिवस कठीण. आडवं झोपवत नाही, पाठीशी उशा रचून अर्धवट बसूनच झोपावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंड, छातीची बाजू आणि कोपरापर्यंतचा भाग काळानिळा होतो. घरचे घाबरतात, पण ते वर साचलेलं रक्त वजनानं खाली उतरत असतं. बोटं बधिर होणं, हात थंड पडणं, मनगट उचलता न येणं, याला मात्र घाबरायचं आणि लगेच जायचं. तेल लावून चोळायला कुणी सांगितलं तर हात जोडून नाही म्हणायचं. न जुळलेलं हाड चोळून सरकतं, आणि आवळून बांधलेल्या कामट्यांनी नस दबते.

बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. आठवडा-दोन आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा, वाकून हात सैल सोडायचा आणि जातं फिरवल्यासारखा गोल फिरवायचा. हा व्यायामही कॉडमनच्याच नावानं ओळखला जातो. नंतर भिंतीवर बोटांनी चढणं आणि दारावरून सोडलेल्या दोरीनं चांगल्या हातानं दुखरा हात वर ओढणं. हाड साधारण दीड ते तीन महिन्यांत जुळतं, हात सुधारायला वर्षही लागतं. मधुमेह असेल तर खांदा जास्त आखडतो. तंबाखूनं हाड उशिरा जुळतं, आणि मशेरी म्हणजे तंबाखूच. "मी कुठे तंबाखू खाते, नुसती मशेरी लावते" म्हणणाऱ्या आज्या डॉक्टरांना ही सवय सांगतच नाहीत.

## ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते हाड

खांदा बरा झाला की फाईल माळ्यावर जाते. पण उभ्या उभ्या पडून हाड मोडलं म्हणजे सगळीच हाडं विरळ झाली असण्याची शक्यता मोठी, आणि खांदा मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका बराच वाढलेला असतो. खुबा मोडणं हे जिवावरचं प्रकरण आहे. डेक्सा स्कॅननं हाडाची घनता मोजता येते, ड जीवनसत्त्व तपासता येतं आणि हाड विरळ होणं थोपवणारी औषधं आहेत. आत्याच्या बाबतीत प्लेट की झोळी यावर दोन डॉक्टर, सात नातेवाईक आणि डॅलसचा एक चुलतभाऊ बोलले. डेक्साचा विषय फिजिओ मुलीनं काढला, तोही सहाव्या आठवड्यात.

आत्याची बिजागरी शाबूत होती, उंचवटे फारसे सरकले नव्हते, नळी आणि गोळा एकमेकांना टेकून होते. तिनं झोळी घेतली. "मला दोन महिने कुणी भाकरी थापायला सांगणार नाही ना, मग चालेल," एवढीच तिची अट होती. तिचा खांदा काही पुरावा नाही, तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाचा कदाचित इतका बरा झालाही नसता. आता अकरा महिने झाले. डावा हात कपाळाच्या थोडा वर जातो, पाठीमागे कमरेपर्यंतच. अंबाडा घालता येतो, पण वरच्या दोरीवर कपडे टाकायला काठी लागते. गच्चीच्या जिन्याला चुलत्यांनी दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतलाय आणि शेवटच्या पायरीला पिवळा पट्टा मारलाय.